एका खात्यावर अख्खी आळी

मी आता जे सांगणार आहे, त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. मांडवगणच्या व्याह्यांना सांगितलं, तर ते ताकाचा पेला अर्धा ठेवून उठले! पण मुंबईच्या शेअर बाजारात उतरलेली एक अख्खी कंपनी ज्यानं पहिल्याच दिवशी आडवी केली, तो निमोण्याचा गेणबा म्हणजे मीच. आणि तेव्हापासून माझं जे वाटोळं झालंय, ते शत्रूचंही होऊ नये!

सुरुवात झाली माझ्याच हुशारीनं. आमच्या आळीत जो तो मोबाईलवर ‘पहिला महिना फुकट’ घेऊन बसला होता. फुकट महिना सरतो, बंद करायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही, आणि बँकेतले पैसे फुटक्या पाइपातल्या पाण्यासारखे गुपचूप गळत राहतात. पप्पूच्या खात्यातून तर योगासनं शिकवणाऱ्या ऍपचे पैसे जात होते. पप्पूला वाकून चपला घालता येत नाहीत!

मी म्हटलं, “समदी बंद करा. एकच घेऊ, माझ्या नावावर. आळीनं मिळून बघू.”

ऍपचं नाव ‘टकमक’. रायगडाच्या टकमक टोकावरून माणसांचं काय करायचे हे ठाऊक असूनही मी ते घेतलं, बघा!

अडचण एवढीच, की ते एका वेळी एकाच पडद्यावर चालायचं. त्यावर शेजारचा संपत म्हणाला, “आबा, त्यात काय! सामाईक विहिरीचं पाणी कसं घेतो आपण? बारीनं. तसंच ह्ये.”

झालं! लागल्या बाऱ्या. पहाटे भजनी मंडळी. पोरं शाळेत गेली की आमच्या गिताबाईची मालिका. दुपारी सविताच्या घरी केक करायचा कार्यक्रम, मग पोरांची कार्टूनं, संध्याकाळी तालमीतल्यांच्या कुस्त्या आणि रात्री पाणी धरायला गेलेल्यांना भुताचे सिनेमे. विहिरीला तरी उन्हाळ्यात विश्रांती असते. टकमकला नव्हती!

गिताबाई म्हणजे आमची मंडळी. तिची मालिका ‘सून माझी सोन्याची कुदळ’. त्यातली ललिता बोहल्यावर उभी, मध्ये अंतरपाट धरलेला, आणि पलीकडे नवरा कोण हे कुणालाच माहीत नाही! मंगलाष्टकं इतकी लांबली, की तेवढ्यात आमच्या गावात लग्नं ठरली, झाली आणि बाळंतपणंही उरकली! आता कुठं शेवटचा भाग जवळ आला होता.

गिताबाईनं बजावलं, “त्यो भाग चुकला ना, तर मी चालले दौंडला माहेरी. मग भाकऱ्या तुमच्या टकमकवर भाजा!”

आणि नेमकी तेव्हाच दारात पांढरी मोटार उभी राहिली. आतून उतरल्या सीमा मॅडम, टकमक कंपनीच्या.

“आजोबा, आमची कंपनी शेअर बाजारात उतरतेय. शेअर घेण्याआधी लोक विचारतात, तुमचं ऍप बघतं तरी कोण? म्हणून आम्ही सगळ्यांची माहिती काढली. अख्ख्या देशात तुमच्यासारखा ग्राहक नाही! भजन, मालिका, केक, कार्टून, कुस्ती, भुतं... तुम्ही थांबतच नाही! झोपता कधी?”

खरं सांगावं, तर खातं बंद होणार. गिताबाई दारातून अशी बघत होती, की तिच्या डोळ्यांत मला दौंडची एसटी दिसली.

“जाहिराती लागल्या की झोपतो,” मी म्हणालो.

“पण टकमकवर जाहिराती नसतात.”

“म्हणून तर डोळ्याला डोळा न्हाई, मॅडम!”

बाईंनी डोळ्यांना रुमालच लावला! “कार्टूनमधलं कोण आवडतं तुम्हाला?”

मी कार्टून बघितलंय कुठं? मॅडमच्या पाठीमागं गोठ्याशी उभा राहून संपत डोक्यावर हातांचे कान करून दाखवू लागला.

“म्हैस!” मी ठणकावून सांगितलं.

“कार्टूनमध्ये म्हैस?”

संपतनं कपाळ बडवलं आणि तो जागच्या जागी उड्या मारायला लागला.

“ससा म्हणायचंय का तुम्हाला?” मॅडमनीच विचारलं.

“त्योच! आमचा टीव्ही लई मोठा हाय, त्यात म्हशीएवढा दिसतो.”

मॅडमनी माझे फोटो काढले, माझ्या पाया पडल्या आणि जाहीर केलं, की शेअर बाजारात पहिल्या दिवशी घंटा वाजवायचा मान गेणबा आजोबांचा! आणि दिवस कुठला निघावा? ललिताच्या शेवटच्या भागाचाच!

निघताना मी आळीला हात जोडले. “आज सकाळी टकमकला कुणी हात लावायचा न्हाई! मी मुंबईत आन् खातं हितं चालू, तर समदं उघडं पडंल. शेवटचा भाग मी आल्यावर बघू.”

गिताबाईनं मान हलवली. इतका संसार झाला, पण त्या मान हलवण्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

मुंबईत मला फेटा बांधला. समोर कोट घातलेली मंडळी अशी दाटीनं बसलेली, जशी पिकअपमध्ये वांगी! मी घंटा वाजवली. अशी वाजवली, की खाली रस्त्यावरच्या लोकांनी देऊळ समजून चपला काढल्या! शेअर वर निघाला. टाळ्यांवर टाळ्या!

मग कंपनीचे मालक विश्वजीत सर पुढं आले. “आता आपल्या लाडक्या ग्राहकाचं खातंच पाहू या!” आणि त्यांनी बटण दाबलं.

भिंतीएवढ्या पडद्यावर अक्षरं उमटली: ‘गेणबा, निमोणे. आत्ता बघत आहेत: सून माझी सोन्याची कुदळ.’

टाळ्या बंद!

“आजोबा,” विश्वजीत सरांचा आवाज चिरकला, “तुम्ही इथं आहात, मग तिथं कोण बघतंय?”

“मीच,” मी म्हणालो. “एक डोळा घरी ठिवून आलोय.”

कोणी हसलं नाही हो! पैसे एकाचे आणि बघणारे भलतेच, हे कोटवाल्यांनी ओळखलं. आवक वाढल्यावर कोथिंबीर पडते, तसा शेअर पडला. सीमा मॅडम माझ्याकडं बघून रडायला लागल्या. त्याच क्षणी माझं खातं बंद झालं आणि निमोण्यातला पडदा काळा पडला, अंतरपाट पडायच्या आधीच!

गावात परतलो, तर कुणी रामराम घेईना. संपतनं माझी विहिरीची बारी खाली ढकलली. भजनी मंडळी आता पहाटे माझ्याच दारात टाळ कुटतात. पोरं मला बघून डोक्यावर कान करून दाखवतात. गिताबाईनं दौंडची पिशवी भरली. आणि मनाला सगळ्यात लागलं ते हे, की ललिताचा नवरा कोण, हे निमोण्यात आजतागायत एकालाही कळलेलं नाही. मलाही नाही! त्या दुःखात मी झिजत चाललोय.

लिहिताना मी मोठ्यानं बोलतो, ही माझी वाईट खोड. ओसरीवर लसूण सोलणारे गिताबाईचे हात थांबले.

“आवं, कुणालाच ठावं न्हाई म्हंजी? अंतरपाट खाली आला तवा माझ्या शेजारी बसून, माझ्याच पदराला नाक पुसत, हमसून हमसून कोण रडत व्हतं?”