बापूच्या बाजूचा गिलावा

आमच्या नल्लकुंट्याच्या घरी सत्यनारायण होता. समोरच्या औरादकर काकांनी देवाला हात जोडले, तीर्थ घेतलं आणि प्रसाद हातात पडायच्या आधी बोटाच्या पेरानं आमची भिंत वाजवली. कान लावला. "पोकळ आहे," म्हणाले. म्हणजे गिलाव्यानं वीट धरलेली नाही. पन्नास माणसांत. भिंतीला रंग देऊन चार दिवस झाले नव्हते. बायको अजून त्यांच्याशी धड बोलत नाही.

काका बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. निवृत्त होऊन जमाना झाला, तपासणी काही सुटली नाही. कोठी भागात डॉक्टरकडे गेले, तर छाती दाखवायच्या आधी दवाखान्याची भिंत वाजवणार. मेव्हण्याच्या वास्तुशांतीला जेवून उठले आणि हात धुता धुता न्हाणीघर नापास करून आले.

आणि जगाच्या भिंतींना नावं ठेवणाऱ्या या माणसाची स्वतःची भिंत अर्धीच होती.

वीस वर्षांपूर्वी काका आणि त्यांचा धाकटा भाऊ बापू वेगळे झाले. भांडण कशावरून, तर नळ कोणाच्या वाटणीत जाणार यावरून. काकांनी अंगणात मधोमध विटांची भिंत घातली. आपल्या बाजूनं गुळगुळीत गिलावा केला. बापूच्या बाजूला उघड्या विटा, सांध्यातून ओघळलेलं सिमेंटसुद्धा तसंच. रीत अशी, की भिंत ज्याच्या अंगणात दिसते त्यानं ती बाजू करून घ्यायची. काका म्हणायचे, "बापूनं एकदा म्हणावं, अण्णा, करून दे. हौ, आत्ता करतो." बापू म्हणायचा, "अण्णानं यावं की. मी कायकू बोलावू?" मी दोन्हीकडे चहा प्यायचो आणि दोन्हीकडे मान डोलवायचो. वीस वर्षं. त्याची आता लाज वाटते.

या उन्हाळ्यात डॉक्टरांनी बापूला घरी पाठवलं. काय आवडतं ते खाऊ घाला, म्हणाले. बापू अंगणात खाटेवर पडून त्या विटांकडे बघत राहायचा. शेवटी माझं डोकं फिरलं. काकांना जाऊन म्हणालो, "लोकांच्या भिंती वाजवत फिरता, आणि सख्खा भाऊ विटा बघत मरणार तुमचा."

 दुसऱ्या दिवशी सकाळीच काका बापूच्या अंगणात वाळू चाळत बसले होते. दिवसभर विटांवर पाणी मारलं. कोरडी वीट सिमेंट-वाळूच्या मसाल्यातलं पाणी पिऊन टाकते, हे तेवढ्यात मला ऐकवलंच. मिस्त्री नक्को म्हणाले. दुसऱ्या सकाळी, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, थापी घेऊन एकटे उभे राहिले, आणि बापू खाटेवरून त्यांच्या चुका काढत राहिला. मी तर म्हणतो, तो दिवस त्या दोघांचा चांगला गेला.

संध्याकाळी काका म्हणाले, "आता सात दिवस पाणी मारायचं. मग चुना देऊ."

"हौ," बापू म्हणाला. "सात दिवस थांबतो."

चौथ्या दिवशी गेला.

स्मशानातून परत आलो. काकांनी अंघोळ केली आणि ओल्या धोतरानंच बादली उचलून ते भिंतीपाशी गेले. तांब्यातांब्यानं पाणी मारायला लागले. कोणीतरी पुटपुटलं, सुतकात असली कामं करतात होय?

"भिंतीला सुतक नसतं," काका म्हणाले. "अजून तीन दिवस राहिलेत." ते तिन्ही दिवस त्यांनी पाणी मारलं.

तेराव्याला आत पानं मांडली जात होती आणि काका बाहेर भिंत वाजवत होते. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. एका जागी, बापूच्या खाटेसमोरच, आवाज बदलला. मलाही कळला. म्हटलं, आता हा माणूस सगळं खरवडून काढणार.

"पोकळ आहे," मीच म्हणालो. फार वर्षांनी संधी मिळाली होती.

"हौ," काका म्हणाले. "थापी मारत इथवर आलो तेव्हा बापू म्हणाला, अण्णा, चहा गार व्हायलाय. वीस वर्षांनी अण्णा म्हणाला मला. हात तसाच राहिला माझा, मसाला सुकला."

"फोडून पुन्हा करायचं का?"

"नक्को."

आतून जेवायला हाक आली. काका गेले नाहीत. त्यांनी तीच जागा पेरानं पुन्हा वाजवली आणि कान लावला.