बिनशेंडीचा नारळ

"आम्ही नाशिकची माणसं. जन्मल्यापासून खिडकीतून डोंगरच बघतो." हे वाक्य एकनाथ खिरेनं अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावी शिकायला आल्यापासून निदान वीस जणांना ऐकवलं होतं. आणि ते खोटं नव्हतं. डोंगर त्यानं खिडकीतूनच बघितले होते. चढायचा योग एकदाच आला, सिंहगडावर, आणि तोही मामाच्या जीपमधून. वर गेला, पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही चेपलं, आणि जीपनंच खाली आला.

हेच वाक्य तो ऑटो ब्रेनरसमोर बोलला आणि तिथे फसला.

ऑटो आणि गर्ट्रूड ब्रेनर हे त्याचे घरमालक. तीस वर्षांपूर्वी जर्मनीहून येऊन पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेलं जोडपं. वरच्या मजल्यावरची खोली ते युनिव्हर्सिटीच्या एका विद्यार्थ्याला देत. एकाच. जाहिरातीत तसं स्वच्छ लिहिलं होतं. एकनाथ खोली बघायला गेला तेव्हा भिंतीवर बर्फाच्या डोंगरांचे फोटो होते आणि प्रत्येक डोंगरासमोर आखूड चामडी चड्डीत ऑटोसाहेब उभे होते. खोली हातची जाऊ नये म्हणून एकनाथनं नाशिकचे डोंगर काढले, वर सिंहगड पन्नास वेळा चढलोय अशी पुस्तीही जोडली. ऑटो उठला आणि त्यानं एकनाथचा हात गदागदा हलवला. खोली मिळाली, पण दर रविवारी सकाळी सहाला दारावर टकटक सुरू झाली. सर्दी, परीक्षा, एकादशी, पुन्हा सर्दी असं करत एकनाथनं तब्बल वर्ष काढलं. वर्षात एकादश्या किती असतात हे ऑटोला ठाऊक नव्हतं ही देवाची कृपाच म्हणायची.

मग चौऱ्याऐंशीच्या ऑक्टोबरात कांचनचा व्हिसा झाला. कांचन म्हणजे त्याची बायको. लग्नाला सव्वा वर्ष झालं होतं, त्यातले तेवीस दिवस संसाराचे, बाकी सगळा पोस्टखात्याचा. जानेवारीचं तिकीट काढलं होतं, आणि खोली तर एकट्याची! वर्षाच्या मध्यावर गावात दुसरी जागा मिळत नाही, सगळे करार ऑगस्टमध्ये होऊन बसलेले. कांचननं पत्रात लिहिलं होतं, या वेळी पुढे ढकललंस तर मी इथे बँकेची नोकरी धरीन आणि मग तूच ये. कांचन बोलेल ते करणारी बाई होती. तेवीस दिवसांत एवढं त्याला पक्कं कळलं होतं.

तेव्हा ब्रेनरसाहेबांची परवानगी काढायची होती. गर्ट्रूडबाई रोज सकाळी स्वयंपाकघरात असायच्या, त्याला कॉफी द्यायच्या, त्याच्या स्वेटरची वीण उसवली तर न सांगता सांधायच्या. पण असल्या गोष्टी घरातल्या कर्त्या पुरुषाकडे काढायच्या, ही आपली रीत. एकनाथच्या घरी साधा पाहुणा ठेवायचा तरी अप्पांना विचारावं लागे. विनय नावाचा त्याचा मित्र सातव्या वर्षीही पीएचडीच करत होता. तो म्हणाला, अरे यार, जर्मन माणूस घरात दगड असतो, डोंगरावर गेला की विरघळतो, तिथे गाठ त्याला. विनय आयुष्यात एकाही जर्मन माणसाशी बोललेला नव्हता. पण सात वर्षं पीएचडी केली की माणसाला सगळ्याच विषयांत मत येतं.

त्या शनिवारी एकनाथनं आपण होऊन सांगितलं, उद्या जाऊ. ऑटोच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी राहिलं.

एकनाथची तयारी म्हणजे एक नारळ. डोंगर आला म्हणजे माथ्यावर देव आलाच. देव आला म्हणजे खाली किंवा वर एखादी बाई ताक-भाकरी घेऊन बसलेली असतेच. म्हणून डबा नाही, पाणी नाही. देवापुढे नारळ फोडायचा आणि मग विषय काढायचा. सुपरमार्केटात नारळ मिळाला, पण पार तासून गुळगुळीत केलेला, शेंडीचा पत्ता नाही. एकनाथला जरा वाईट वाटलं. मग परदेशातला देव परदेशातला नारळ चालवून घेईल, असं त्यानं स्वतःला समजावलं.

सकाळी गर्ट्रूडबाई ऑटोसाठी पावाचे तुकडे कागदात गुंडाळत होत्या. त्यांनी विचारलं, तू खायला काय घेतलंस? एकनाथ म्हणाला, मला वर मिळेल. बाई थबकल्या. त्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत आदरानं न्याहाळलं आणि बाहेर जाऊन नवऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. परत येऊन त्यांनी विचारलं, "तुला माझ्याशी काही बोलायचंय का? आठवडाभर तू घुटमळतोयस."

"नाही, नाही," एकनाथ म्हणाला. बायकांना कशाला काळजीत टाकायचं?

डोंगर तासाभराच्या अंतरावर होता. पायात एकनाथचे लग्नातले बूट होते, तळवे गुळगुळीत. पहिल्या दहा मिनिटांतच त्याला कळलं की आपला सिंहगड पेट्रोलवर चढला होता. ऑटो एकसष्ट वर्षांचा, पण नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब नाही. तो पुढे जाई, एका दगडावर बसून वाट बघे, आणि एकनाथ हाशहुश करत तिथे पोचला रे पोचला की, 'छान, आता निघू' म्हणून उठे. म्हणजे विश्रांती सगळी ऑटोची आणि चढ सगळा एकनाथचा. विषय काढायला तोंड उघडावं तर त्यातून फक्त हवा बाहेर यायची. एकदा त्यानं कसंबसं "मिस्टर ब्रेनर, माझी बायको..." इथवर आणलं. ऑटोला वाटलं, याला बायकोची आठवण येतेय. त्यानं समजूतदारपणे मान हलवली आणि पायांचा वेग वाढवला. चालल्यानं दुःख हलकं होतं, म्हणे.

हाच माथा म्हणून पोचावं तर त्याच्यामागे दुसरा निघे. असे तीन झाले. तिसऱ्यावर एकनाथनं मनातल्या मनात कांचनची माफी मागितली आणि तिला बँकेची नोकरी देऊन टाकली. मग तेविसाव्या दिवशी ती विमानतळावर रडली नव्हती ते आठवलं. ती रडली नव्हती, नुसती त्याच्या कोटाचं बटण धरून उभी राहिली होती. तो उठला आणि पुन्हा चढायला लागला.

खऱ्या माथ्यावर देव नव्हता. ताकवाली नव्हती. खडक होते, वारा होता आणि खाली मैलोगणती पिवळंलाल जंगल होतं. ऑटो खडकावर बसला आणि कागद न सोडता एकनाथकडे बघत राहिला.

"गर्ट्रूडनं सांगितलं, तू तुझं अन्न डोंगरावरच मिळवतोस," तो हळू आवाजात म्हणाला. "मला बघायचंय."

आता आली का पंचाईत! एकनाथनं एकदा झुडपांकडे बघितलं, एकदा आभाळाकडे बघितलं आणि पिशवीतून नारळ काढला. देव नाही तर नाही, डोंगरालाच देव मानून त्यानं हात जोडले, डोळे मिटले, कांचनचं नाव घेतलं आणि नारळ खडकावर हाणला. तिसऱ्या घावाला तो फुटला. आतून असा वास आला की ऑटो वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसला. नारळ नासका निघाला होता.

नासका नारळ! एकनाथचा जीव एवढासा झाला. असा कौल मिळाल्यावर तोंड उघडायची छातीच होईना. ऑटोनं आपला अर्धा पाव पुढे केला. एकनाथ संस्कारानं म्हणाला, "नको, नको." आपल्याकडे पहिल्या 'नको'ला कुणी विचारतही नाही, खरी बोलणी तिसऱ्यापासून सुरू होतात. ऑटोनं मान डोलावली आणि तो अर्धा पावही शांतपणे खाऊन टाकला.

उतरण्याविषयी फार बोलण्यात अर्थ नाही. लग्नातल्या बुटांनी निम्मी उतरण उभ्यानं केली आणि उरलेली एकनाथच्या बसण्याच्या जागेनं. गाडीत श्वास परत आला, तेव्हा आता विचारायचंच असं त्यानं ठरवलं आणि ठरवता ठरवताच झोपी गेला. ऑटोनं त्याला घराच्या दारात हलवून उठवलं.

स्वयंपाकघरात गर्ट्रूडबाईंनी त्याच्यापुढे बटाट्याच्या सूपचं वाडगं ठेवलं. पहिल्या घोटाला एकनाथचा बांध फुटला. विजारीचं भोक हातानं झाकत त्यानं सगळं सांगून टाकलं. कांचन, तेवीस दिवस, तिकीट, बँक, बटण. सिंहगडाची जीपसुद्धा सांगितली. शेवटी ऑटोकडे वळून म्हणाला, "तुम्ही हो म्हणालात तर ती येईल, नाही म्हणालात तर नाही. एवढं विचारायलाच मी वर आलो होतो."

ऑटो गोंधळला. "पण मला का विचारतोस? या घरातलं सगळं गर्ट्रूड ठरवते. म्हणून तर मी डोंगरावर जातो."

चौदा महिने आपण जिला ओलांडून जात होतो त्या बाईकडे एकनाथनं बघितलं. ती डाव धुवत होती.

"तुझी बायको डोंगर चढते का?" तिनं विचारलं.

आता खोटं बोलायचं त्राण नव्हतं. "अजिबात नाही. तिला चढ बघूनच धाप लागते."

"मग येऊ दे तिला," गर्ट्रूडबाई म्हणाल्या. "तीस वर्षं रविवारी मी या घरात एकटी बसतेय. ती माझ्याजवळ बसेल, आणि तू ऑटोबरोबर जाशील. दर रविवारी."

एकनाथला खरोखर रडू आलं. आनंदाचं होतं, पण सगळंच आनंदाचं नव्हतं.

गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून त्यानं कांचनला पत्र लिहिलं. परवानगी मिळाली, ये. डोंगर काही विशेष नव्हता, आम्हा नाशिककरांना काय त्याचं. मग जरा थांबून त्यानं खाली सामानाची यादी जोडली: गोडा मसाला, प्रेशर कुकर, शेंडीवाला नारळ एक, आणि आयोडेक्सच्या बाटल्या, रविवार मोजून.