हौसाकाकूंचा पहिला नंबर

किसनतात्या दर रविवारी बारामतीच्या एका दवाखान्यात पहिला नंबर लावायचे, आणि आत मात्र कधीच जायचे नाहीत. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. पुण्याहून हृदयाचे मोठे डॉक्टर रविवारपुरते यायचे. तात्या बाहेरच्या बाकावर बसून येईल त्या पेशंटाला विचारायचे, "इमा हाय का?"

विमा आहे म्हणणाऱ्याची धडगत नसे. "नुसतं तपासून घरी गेलात तर कंपनी छदाम देत न्हाय. चोवीस तास खाटंवर पडाय लागतंय. पडलात, तर आधीच्या तीस दिवसांच्या तपासणीच्या पावत्या बी चालत्यात. कळलं? आता तुमी सांगा परत." आणि लोक बिचारे छाती धरून परत सांगायचे. मग फीच्या विचारानं घुटमळणारा कुणी दिसला की त्याला आपला नंबर देऊन तात्या घरी यायचे.

तात्या माझे शेजारी. उभी नोकरी कालव्यावर पाटकरी म्हणून झाली, म्हणजे कुणाच्या उसाला कधी पाणी सोडायचं ते बघायचं. "आधी अर्ज, मग पाणी," हा त्यांचा खाक्या. सख्ख्या मेव्हण्याचा ऊस त्यांनी अर्जावाचून वाळू दिला, आणि वर त्याच्याकडंच जेवायला गेले. घरी चहा मागितला की हौसाकाकू, त्यांच्या पत्नी, आतून ओरडायच्या, "अर्ज द्या!" तात्या खरोखर चिठोरं लिहून द्यायचे. काकू ती चिठोरी डब्यात जपून ठेवायच्या.

त्या काकूंच्या छातीत कळ यायला लागली. दोघांचा विमा होता. तात्यांनी विमा कंपनीला रीतसर अर्ज पाठवला : पत्नीस हृदयाच्या डॉक्टरांना दाखवणे आहे, फी मिळेल काय, परवानगी असावी. उत्तराची वाट बघण्यात दोन रविवार गेले. काकू म्हणाल्या, "मी जाती की तशीच." तात्या म्हणाले, "दम धर जरा. कागद येऊ दे."

कागद आला तो काकूंच्या तेराव्याला. नुसत्या तपासणीची फी मिळत नाही, आणि डॉक्टरांकडे जायला कंपनीची परवानगी लागत नाही, असं त्यात लिहिलं होतं. पुढच्या रविवारपासून तात्या त्या बाकावर दिसू लागले.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही वर्षभरानं माझ्या आईला चार पायऱ्या चढताना धाप लागू लागली, तेव्हा मी इंदापूरच्या विमा एजंटाच्या निरोपाची वाट बघत बसलो. फी कुणाच्या खिशातून जाणार ते कळू दे, मग जाऊ. आईनं हे तात्यांना सांगितलं असावं. शनिवारी ते आमच्या दारात आले, आणि बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"मास्तर, निरोपासाठी थांबलाय व्हय?"

मी शाळेत शिकवतो तसा पॉलिसीचे नियम सांगू लागलो.

"ते मला पाठ हायेत," तात्या म्हणाले. "उद्या वैनींस्नी घिऊन या. कंपनीनं दिलं तर दिलं, न्हाय तर न्हाय. आधी आत जायाचं."



रविवारी आम्ही गेलो तेव्हा बाक भरला होता. तात्यांनी सरकून आईला जागा दिली. कंपाउंडरनं वही उघडली आणि मान वर न करता, नेहमीची सवय असल्यासारखी हाक मारली, "एक नंबर, हौसाबाई!"

मी दचकलो. इतके रविवार तो नंबर कुणाच्या नावानं लागतो, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

तात्या उठले. "आल्यात, आल्यात," म्हणत त्यांनी माझ्या आईच्या कोपराला धरलं आणि तिला हळूहळू दारापर्यंत नेलं. आई आत गेली, दार लागलं, तरी ते तिथंच उभे राहिले. तेवढ्यात बाकावर एक नवी बाई येऊन बसली. तिला विमा आहे का, हे विचारायचं त्या दिवशी तात्यांना सुचलं नाही.