तांबड्या गारगोटीचा देव

शपथेवर सांगतो, तरी कुणाचा विश्वास बसणार नाही; पण दगड ओळखण्यात अख्ख्या अक्कलकोट तालुक्यात माझा हात धरणारा नाही! गारगोटी नुसती हुंगली तरी ती कुणाच्या रानातली ते सांगतो.

पुतण्या रुद्रप्पा विहीर खोदत होता. पाण्याचा अजून टिपूस नव्हता. परवा पहार खणकन् वाजली आणि नारळाएवढा तांबडाभडक दगड वर आला. त्याच्या आईनं, म्हणजे नागम्मावहिनींनी, टोपलं टाकून हातच जोडले!

"शेंदराचा देव हाय ह्यो! खोदाई बंद!"

"आये, आन् पाणी?" रुद्रप्पा रडकुंडीला आला.

"देवाच्या डोक्यावर हीर पाडतोस व्हय रं?"

मी पुढं सरसावलो. "वहिनी, ही साधी गारगोटी. जमिनीतल्या लोखंडाचा गंज चढलाय. तांबडेपणा नुसता सालीला. आतून पांढरीफटक निघंल."

"कशावरनं गारगोटी?"

"काचेवर ओरखडा काढते की!"

रानात काच कुठली? रुद्रप्पाचा नवा मोबाईल होता. कर्रर्र! या टोकापासून त्या टोकापर्यंत!

"काकाऽऽ!" त्यानं अशी बोंब ठोकली की पलीकडच्या शिवारातल्या शेळ्यांनी चरणं सोडलं.

"सिद्ध झालं की!" म्हणत मी घण घातला. दगड दुभंगला, बघतो तर काय! आतूनही लाल! कलेजीसारखा लाल! म्हणजे हा वरचा डाग नव्हेच. दगड घडतानाच लोखंड अंगात मुरलेलं. जास्पर!

"रगत! देवाचं रगत!" वहिनी किंचाळल्या. "भावजी, देव फोडला तुमी! आता एकाचं दोन झालं, दोन देवळं बांधा!"

"अहो, हा जास्पर! गारगोटीचाच चुलतभाऊ!"

"म्हंजी देवाची भावकीबी हितंच हाय?"

चिडून मी दुसरा घण घातला. ठिणगी उडाली ती थेट कडब्याच्या गंजीवर! भडकाच! तेवढ्यात, काय सांगू, दगड निघालेल्या भोकातून ताडाएवढा पाण्याचा फवारा उसळला! आग विझली, विहीर काठोकाठ भरली, वहिनी माझ्या पाया पडल्या...

इथवर लिहून आमच्या मंडळींना, मायाक्काला, वाचून दाखवलं. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.

"हीर भरली व्हय? मग आज सकाळी टँकरम्होरं घागर घिऊन जाऊबाईंच्या शिव्या खात कोण हुबं हुतं?"