बोअरच्या पाण्याचे मासे

पाहुण्याला बोअरचं पाणी द्यायचं नाही, हा कांताबाईंच्या घरातला कायदा. परतूरच्या त्या गल्लीत नळ सोडला की बोअरचंच पाणी येतं आणि ते इतकं जड, की बादलीला पांढरा थर चढतो, डाळ शिजता शिजत नाही. म्हणून प्यायला विकतचा जार. लेक भावना नोकरीला पुण्याला जाताना तिची काचेची टाकी आणि त्यातले मॉली मासे आईबापाच्या हवाली करून गेली, तेव्हा कांताबाईंनी त्यांनाही जारचंच पाणी घातलं. लेकीची अमानत, तिला काय खारं पाणी पाजायचं?

मासे मरगळले. पंख मिटून तळाशी बसले. रामकिसन गुरुजींनी घाबरून पुण्याला फोन लावला.

"पप्पा, जारच्या पाण्यात क्षारच नसतात," भावना म्हणाली. "या माशांना आपलं जड पाणी मानवतं. नळाचं घाला, पण थोडं थोडं. अन् मी पाणी तपासायच्या पट्ट्या ठेवल्यात, त्यातली एक बुडवून रंग सांगा मला. हिरवी आली तर बराबर. पिवळी राह्यली तर क्षार कमी."

मग सकाळ-संध्याकाळ फोन सुरू झाले. पट्टीचा रंग सांगून झाला की जेवले का, बीपीची गोळी घेतली का, मम्मी काय करून राह्यली, हे ओघानं आलंच. लेक गेल्यापासून मुकं झालेलं घर पुन्हा बोलायला लागलं. कांताबाई तर फोनच्या वेळेला केस विंचरून बसायच्या, जणू लेक दारातच येऊन ठेपलीय.

आणि व्हायचं तेच झालं. मासे बरे झाले. पट्टी हिरवीगार आली, भावना म्हणाली, "छान, आता टेन्शन न्हाई," आणि फोन आटले. रविवारी आला तर आला, तोही "मीटिंग हाये मम्मी, नंतर करते" एवढाच. ते नंतर काही उगवायचं नाव घेईना.

"पोरगी आपली न्हाई, माशांची हाये," कांताबाई म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावला. लेकीची आठवण त्यांना जेवू देत नव्हती. मासे मेले खुशाल पोहत होते.

उभा जन्म पोरांना खरं बोलायला शिकवलेल्या गुरुजींनी त्याच संध्याकाळी फोन केला. "भावना, पट्टी पिवळी येऊन राह्यली."

"फोटो पाठवा बरं."

आली का पंचाईत! पट्टी कितीदा बुडवली तरी हिरवीच. शेवटी कांताबाईंनी आंबट ताकाची वाटी पुढे सरकवली. ताकात बुडवल्यावर पट्टी हळदीसारखी पिवळी झाली.

फोन पुन्हा सुरू झाले. "शिंपल्यांचा चुरा टाका," भावना सांगायची. "टाकला," गुरुजी सांगायचे. "तरी पिवळी?" "तरी पिवळी." खोट्याची एकदा सवय लागली की माणूस सुधारत नाही. एका फोटोत तर ताकाचा कण पट्टीला तसाच चिकटून राहिला.

"पप्पा, हे पांढरं काय?"

"बुरशी असंल," गुरुजी म्हणाले.

"थांबा, मीच येते."

कांताबाईंना आनंदानं घर लहान वाटायला लागलं. धपाटे झाले, शेंगदाण्याची चटणी कुटून झाली, गादीचा अभ्रा बदलला. भावना आली ती खांद्यावरची बॅग न काढता टाकीपाशी गेली आणि तिनं पट्टी बुडवली. हिरवी. पुन्हा बुडवली. हिरवीच. मासे ठणठणीत, वर त्यांना पिल्लं झालेली.

"आत्ताच सुधरलं असंल," गुरुजी भिंतीकडे बघत म्हणाले.

भावनानं बॅग खाली ठेवली. "माझ्यापायी लई हैराण झालात तुम्ही दोघं. या वयात रोज पाणी तपासायचं म्हणजे काय. नेते मी मासे पुण्याला."

"आम्हाला काय तरास न्हाई ना बाई," कांताबाई घाईनं म्हणाल्या.

"मम्मी, पप्पा रोज दोनदा फोन करत होते."

खरं सांगावं तर ताक बाहेर येतं, न सांगावं तर मासे जातात. मासे गेले. भावनाही गेली. टाकीच्या जागी टेबलावर चौकोनी डाग उरला, तो कांताबाई दिवसभर पुसत राहिल्या.

"आपल्याच हातानं घालवलं," त्या म्हणाल्या.

आणि आठवड्यात फोन वाजला. "पप्पा, मासे तळाशी बसलेत. इथलं नळाचं पाणी फार हलकं हाये. पावडर घालून पाह्यली, जमंना. आपलंच पाणी थोडं थोडं मिसळावं लागंल. शनिवारी घ्यायला येऊ का?"

"ये की," गुरुजी म्हणाले.

फोन ठेवताच त्यांनी माळ्यावरचे दोन मोठे ड्रम काढून घासायला घेतले. कांताबाईंनी ते हातातून काढून बाजूला ठेवले आणि घरातला सगळ्यात लहान कॅन आणला.

"अगं, एवढ्यानं काय होतंय? पोरीला पुरायचं न्हाई."

"न्हाई पुरायचं," कांताबाई म्हणाल्या आणि त्यांनी कॅन नळाखाली धरला.