सहा मेंढ्या आणि मोकळे जबडे

मैत्रीच्या पीएच.डी.चा सगळा डोलारा सहा मेंढ्यांच्या जबड्यांवर उभा होता. लहान मूल हनुवटीवर आपटतं, जबड्याच्या सांध्यात नको तिथं हाड वाढतं आणि तोंडच उघडेनासं होतं. हे हाड वाढतं कसं, ते तिला शोधायचं होतं. म्हणून तिनं पिंपरीतल्या आपल्या कॉलेजात मेंढ्यांच्या सांध्यांवर ऑपरेशन केलं आणि जबडे आखडायची वाट बघत बसली. तीन महिने उलटले, तरी या मेंढीबायका आपल्या खुशाल लसूणघास चघळतायत!

तिचे गाइड शेखर सर म्हणजे महाकडक. मुदतवाढीच्या अर्जावर सही मिळणार नाही, असं त्यांनी आधीच बजावलेलं. रडकुंडीला येऊन मैत्रीनं मेंढ्या सांभाळणाऱ्या ज्ञानदेवकाकांना गाठलं. काका चाकणच्या एका कंपनीत तीस वर्षं मेंटेनन्सला काढून रिटायर झालेले.

"जबडे जाम व्हायला लागलेले, मॅडम," काका अभिमानानं म्हणाले. "म्हटलं, आपल्या शिफ्टला ब्रेकडाउन होऊ द्यायचं न्हाई. रोज एकेकीचा जबडा पन्नास वेळा उघडमीट करतो."

आता अशा माणसावर चिडायचं तरी कसं? सरांना ते बरोबर जमलं. त्यांनी काकांना चांगलंच झाडलं आणि नवा हुकूम काढला: तीन मेंढ्यांचा व्यायाम चालू, उरलेल्या तिघींना हात लावायचा नाही. म्हणजे निदान दोन गटांतला फरक तरी लिहिता येईल. काकांनी जड मनानं शब्द दिला.

महिन्यानं तपासलं, तर सहाचे सहा जबडे मोकळे. काका गयावया करून सांगत होते, त्या तिघींना मी शिवलोसुद्धा न्हाई. ऐकतंय कोण? सरांनी त्यांना पुनावळ्याला त्यांच्या घरी बसवलं. तरी पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मैत्रीचं डोकं फिरायची वेळ आली. शेवटी एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, ती आवाज न करता मेंढ्यांच्या खोलीत शिरली.

आत साक्षात शेखर सर उकिडवे बसलेले. टाय खांद्यावर टाकलेला, हातात मेंढीचा जबडा, आणि तोंडानं मोजणी चालू, "बेचाळीस, त्रेचाळीस..." म्हणजे कुंपणच शेत खात होतं.

"तिला चारा चावता येत नव्हता गं," सर खालमानेनं म्हणाले. "मला बघवेना."

मैत्रीनं पर्समधून मुदतवाढीचा अर्ज काढून पुढं धरला. सरांनी एका हातानं मेंढी धरून दुसऱ्या हातानं मुकाट सही केली.

"आणि काकांना उद्यापासून बोलवून घे," ते म्हणाले. "माझी माफी सांग. माझे गुडघे गेलेत."