मयूरराव यंत्राला 'हो' म्हणतात

बाळांनो, संगणकातलं माझ्याइतकं या पंचक्रोशीत कुणाला कळत नाही. पंचक्रोशीत संगणक एकच आहे आणि तो सुरू कुठून करायचा हे मी अजून शोधतोय, ही गोष्ट वेगळी. मागच्या रांगेतल्यांनी हसू नये. तुमच्या बापालाही सापडलेलं नाही.

एका जंगलात एक नदी होती. नदीच्या वरच्या अंगाला एक पाणमांजर पहाऱ्याला बसे. पाणी चढू लागलं की ते कळ दाबी. निरोप राजवाड्यातल्या यंत्राकडे जाई आणि यंत्र खाली नदीकाठचा भोंगा वाजवी. भोंगा ऐकला की काठच्या वाळूत अंडी घातलेली टिटवी वानरिणीला हाक मारी. वानरीण येऊन अंडी ओंजळीत घेई आणि वर दरडीवर ठेवी. टिटवीला स्वतःची अंडी उचलता येत नाहीत. चोच एवढीशी, अंडी केवढी. देवाला कोण विचारणार?

बरीच वर्षं हे नीट चाललं. नीट चाललेलं दिसलं की राजेलोकांना चैन पडत नाही.

सिंहमहाराजांच्या कानावर आलं, की शेजारच्या जंगलानं यंत्रात नवा कर्नल घातलाय. कर्नल म्हणजे यंत्राच्या पोटातला कारभारी. तो कुणाला दिसत नाही, पण त्याला विचारल्याशिवाय तिथं काही हलत नाही. असं माणूस तुमच्याही घरी असेल. आमच्या घरी ते दिसतं, एवढाच फरक.

हुकूम सुटला. काम मयूररावांकडे आलं. मयूरराव म्हणजे मोर. दरबारचे यंत्रप्रमुख, पिसारा मोठा म्हणून नेमलेले.

नवा कर्नल बसवायचा तर यंत्र आधी प्रश्न विचारतं. ही सोय हवी? ती सोय हवी? प्रत्येक प्रश्नाखाली बारीक अक्षरात सल्ला असतो. मयूरराव भर दरबारात मोठ्यानं वाचू लागले.

"नेटवर्कच्या प्रायोगिक सोयी घेऊ का? अजून पुऱ्या झालेल्या नाहीत, बिघडू शकतात. खात्री नसेल तर 'नाही' म्हणा."

आता त्या दरबाराची एक रीत सांगायची राहिली. तिथं 'मला खात्री नाही' असं कुणी म्हणत नसे. पूर्वी एक रानडुक्कर एकदा 'विचारून सांगतो' म्हणालं होतं. ते अजून हद्दीवर खंदक खणतंय.

महाराजांनी एक डोळा उघडला. "काय मयूरराव, खात्री नाही?"

"आहे की, महाराज," म्हणत मयूररावांनी चोचीनं 'हो'ची कळ दाबली.

मग काय, गाडी सुटली. जहाजाजहाजांत बोलायची सोय? हो. त्या जंगलात जहाज सोडा, होडी नव्हती. निरोपांना मानाप्रमाणे रांगेत उभं करायची सोय? हो, हो. एक निरोप हरवला तर त्याच्या शोधाला दुसरा धाडायची सोय? अर्थात. प्रत्येकाखाली तोच सल्ला, खात्री नसेल तर 'नाही' म्हणा. आणि दर प्रश्नाला मयूररावांची खात्री वाढत होती. हरणं माना डोलावत होती. एका म्हाताऱ्या अस्वलाला काहीच कळलं नव्हतं, म्हणून ते सगळ्यांत जोरात डोलत होतं.

शेवटी ड्रायव्हरांची पाळी आली. ड्रायव्हर म्हणजे गाडीचा नव्हे. भोंग्याची बोली कर्नलला समजावून देणारा दुभाष्या. मयूररावांनी वाचलं, "जुन्या भोंग्याचा ड्रायव्हर ठेवू का? खात्री नसेल तर 'हो' म्हणा."

मयूरराव थबकले. आता 'हो' म्हणावं तर खात्री नाही असं होणार. त्यांनी मान ताठ केली आणि ठणकावून 'नाही' दाबलं. अस्वलानं टाळ्या वाजवल्या.

टिटवी दाराशी उभी होती. तिनं हळूच विचारलं, भोंगा पूर्वीसारखा वाजेल ना. वाजेल काय, गाईल, असं मयूरराव म्हणाले. मग एकदा वाजवून दाखवा, अशी तिनं विनंती केली. मयूररावांचा पिसारा थरथरला. वाजवून बघणं म्हणजे खात्री नसणं, एवढी साधी गोष्ट हिला कळू नये, याचं महाराजांनाही वाईट वाटलं. टिटवीला बाहेर काढण्यात आलं.

तिनं जाऊन अंड्यांच्या खाली, पाण्याच्या बाजूला, वाळूत एक काटकी रोवली आणि तिच्याकडे बघत बसली. चरायलाही जाईना. येणारे-जाणारे हसून घेत होते.

एका भर दुपारी पाणी चढलं. पाणमांजरानं कळ दाबली. निरोप निघाला. पण पुढं महाराजांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा मानानं उभ्या होत्या. निरोप त्यांच्या मागं रांगेत राहिला. रांग सरली तेव्हा यंत्रानं त्याला जहाजाकडे धाडलं. जहाज सापडेना. मग त्याच्या शोधाला दुसरा निरोप सुटला. दोघं फिरून फिरून शेवटी पाणमांजराकडेच पोचले. 'सावध, पाणी चढतंय.' पाणमांजरानं आभार मानले.

आणि भोंगा? बसला होता गप्प. त्याची बोली समजणारं यंत्रात कुणी उरलंच नव्हतं.

काटकी भिजलेली दिसताच टिटवी गळा काढून ओरडली. वानरीण धावली. अंडी निघाली, पण एक मात्र तिच्या ओंजळीसमोरून पाण्यानं ओढून नेलं.

चौकशी झाली. मयूररावांनी सिद्ध केलं, की निरोप गेला होता, पोचलाही होता, आणि पोचल्याबद्दल आभारही आले होते. महाराजांनी टिटवीला विचारलं, यंत्र असताना काटकी कशाला रोवलीस? ती म्हणाली, मला खात्री नव्हती. दरबारानं कानांवर पंजे ठेवले. अंडं तिच्या संशयामुळं बुडालं असा निकाल लागला, आणि मयूररावांना तिसऱ्या एका जंगलातून मानाचं बोलावणं आलं.

तात्पर्य : ज्याला सगळ्याची खात्री असते, त्याचं कधी काही बुडत नाही.

हे तात्पर्य मी टिटवीला वाचून दाखवलं आणि विचारलं, कसं जमलंय?

ती म्हणाली, "अगदी खरं आहे, आजोबा. त्याची अंडी वाळूत कुठं असतात?"